जिल्हा पातळीवरील शैक्षणिक तंत्रविज्ञान आणि अध्ययन : बालाघाटच्या संदर्भात

अमेरिकेतील अनेक शालेय जिल्ह्यांत तंत्रविज्ञानाचा स्वतंत्र विभाग असतो. संगणक, जोडणी, दुरुस्ती आणि शिक्षकांचे प्रशिक्षण ही कामे त्याच्याकडे असतात. मध्य प्रदेशातील बालाघाटमध्ये असा एकच विभाग शोधू गेल्यास सापडत नाही. त्याची कामे वाटली गेलेली आहेत. भोपाळचे राज्य शिक्षा केंद्र, त्याखाली जिल्हा शिक्षा केंद्र, विकासखंडात जनपद शिक्षा केंद्र आणि शाळांच्या समूहासाठी जन शिक्षा केंद्र अशी ही उतरंड आहे. प्रशिक्षणाची बाजू डायटकडे येते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून निघालेल्या या संस्थेच्या आराखड्यात ज्या सात शाखा होत्या, त्यांपैकी एक शैक्षणिक तंत्रविज्ञानाची होती. कमी खर्चाची शैक्षणिक साधने तयार करणे हेही तिचे काम मानले गेले होते, ही गोष्ट आज बहुधा विसरली जाते.

या प्रदेशात तंत्रविज्ञान वरून खाली आले. १९७५-७६ च्या 'साईट' या उपग्रह दूरदर्शन प्रयोगातील सहा राज्यांत मध्य प्रदेश होता. २००० मध्ये 'हेडस्टार्ट' योजनेने जन शिक्षा केंद्राच्या शाळेत संगणक ठेवले. एका शाळेतील यंत्रे आसपासच्या शाळांतील मुलांनीही वापरावीत अशी कल्पना होती. कल्पना काटकसरीची खरी, पण मुलांना तेथवर नेणार कोण आणि यंत्र बिघडले तर पाहणार कोण, या प्रश्नांवरच तिचे यश अवलंबून होते. २० सप्टेंबर २००४ रोजी एज्युसॅट अवकाशात गेला. २०१० मध्ये त्याची सेवा संपली.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर राज्य शिक्षा केंद्राने 'डिजिलेप' अंतर्गत व्हॉट्सअॅप गटांतून पाठ पाठविले, आकाशवाणीवरून 'रेडिओ स्कूल' चालविले आणि ६ जुलैपासून 'हमारा घर हमारा विद्यालय' सुरू केले. भ्रमणध्वनी घरात असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत फार अंतर आहे. वडील मजुरीला गेले की फोनही जातो. म्हणून वस्तीत जाणारा शिक्षक हाच पाठ आणि मूल यांच्यातील खरा दुवा होता.

बालाघाटात आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. दहा विकासखंडांच्या या जिल्ह्यात वैनगंगेच्या खोऱ्यात, गोंदिया-भंडाऱ्याला लागून, पोवारी व मराठी ऐकू येते. बैहर, बिरसा, परसवाड्याच्या डोंगराळ भागात गोंड व बैगा वस्ती आहे. भोपाळहून आलेला पाठ मात्र प्रमाण हिंदीत असतो. अपूर्णांकाची चित्रफीत उत्तम असली तरी 'हर' आणि 'अंश' हे शब्द मुलाला प्रथमच भेटत असतील, तर शिक्षकाने चित्रफीत थांबवून भाकरीचे चार तुकडे करून घरच्या बोलीत विचारायला हवे. कोठे थांबवावे, काय विचारावे, हे शिक्षकाला शिकविणे हे डायटचे काम. हे काम कोणत्याही पोर्टलवर नोंदले जात नाही, म्हणून ते मागे पडते. शिष्यवृत्ती आणि समग्र आयडीच्या नोंदी मात्र मुदतीत भराव्याच लागतात.

महाविद्यालयीन अध्यापकांसाठी येथे करण्याजोगे काम आहे. मराठी किंवा हिंदीचे विद्यार्थी एका पाठातील दहा-पंधरा अवघड संज्ञांचे बोलीतील पर्याय गावांतून गोळा करू शकतात, आणि ते ध्वनिमुद्रित करून जवळच्या जन शिक्षा केंद्राकडे देऊ शकतात. त्यासाठी साधा फोन पुरतो.