तंबाखूविरहित सिगारेटची बाजारपेठ

औषधी वनस्पतींचा धूर ओढण्याची प्रथा भारतात तंबाखू येण्याच्या कितीतरी आधीची आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धूमवर्तीची कृती दिली आहे: वनस्पतींचा कल्क, म्हणजे वाटलेला लगदा, शरकाडीवर लेपून अंगठ्याएवढी जाड व आठ अंगुळे लांब वात करायची, सुकल्यावर काडी काढून घ्यायची आणि तुपाने माखलेली ती वात पेटवून नळीने धूर ओढायचा. मात्र हा उपचार होता, आणि उपचाराला रोजचे गिऱ्हाईक मिळत नाही. याउलट १८०२ च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनमध्ये पोचलेला धोतऱ्याचा धूर पुढे दम्याच्या सिगारेटींच्या रूपाने औषधांच्या दुकानांत दीर्घकाळ खपला. कारण त्यातील अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतिजन्य क्रियाशील द्रव्ये, श्वासनलिका खरोखरच सैल करीत, त्यामुळे ग्राहक पुन्हा येई.

ग्राहक पुन्हा का येईल, या प्रश्नावरच नंतरचे प्रयोग अडखळले. १९७७ मध्ये ब्रिटिश कंपन्यांनी लाकडातील सेल्युलोजपासून केलेला पर्यायी पदार्थ तंबाखूत मिसळून नव्या सिगारेटी मोठा गाजावाजा करीत बाजारात आणल्या. त्यासाठी स्कॉटलंडमधील आर्डिअर येथे कारखानाही उभारला होता. वनौषधींशी त्यांचा संबंध नव्हता, पण धडा तोच होता: चव पसंत पडेना आणि ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने त्या सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला नाही, तेव्हा विक्री काही महिन्यांतच कोसळली. अमेरिकेत २००० साली संघीय व्यापार आयोगाने वनौषधी सिगारेटींच्या जाहिरातींवर आक्षेप घेऊन, त्यांच्या धुरातही टार व कार्बन मोनॉक्साइड असतो, हा इशारा छापणे संबंधित विक्रेत्यांना भाग पाडले. पान कोणतेही असो, जळताना हे दोन्ही निर्माण होतातच. आरोग्याच्या नावावर विकल्या जाणाऱ्या मालाचा मुख्य आधार तिथेच निखळतो.

भारतातील गणित तर आणखी अवघड आहे. तुळस, लवंग, ज्येष्ठमध यांच्या सिगारेटी येथेही विकल्या जातात. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याची अनुसूची तंबाखूयुक्त पदार्थांपुरती असल्याने त्या तिच्याबाहेर राहतात, परंतु कराच्या वस्तुवर्गीकरणात २४०२ या शीर्षकाखाली तंबाखूच्या व पर्यायी पदार्थांच्या सिगारेटी शेजारीशेजारीच बसवल्या आहेत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशात ७.७ टक्के प्रौढ बिडी आणि ४ टक्के सिगारेट ओढत होते. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणजे येथील बहुसंख्य व्यसनींची सवय चुना लावून तंबाखू मळण्याची असताना त्यांच्यापुढे धुराचा पर्याय ठेवण्यात व्यापारी शहाणपण फारसे दिसत नाही. आणि बिडी ओढणारा महागडे पाकीट कशाला घेईल?

उरतो तो व्यसन सोडू पाहणारा ग्राहक. त्याला हवे असलेले निकोटिन या मालात नसते, म्हणून तो एक तर जुन्या सिगारेटीकडे वळतो किंवा, प्रयत्न सफल झाल्यास, दोन्ही सोडून देतो. कोणत्याही परिणतीत विक्रेत्याच्या हाती कायमचे गिऱ्हाईक लागत नाही. कायमची मागणी असलीच, तर ती चित्रीकरणस्थळांची: नटाला दिवसभर पुनःपुन्हा सिगारेट पेटवावी लागते आणि निकोटिन मात्र त्याला नको असते.