गवारीच्या डिंकात गुंडाळलेलं औषध

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात गवार घेताना जाणती बाई आधी शेंग मोडून बघते. आत बी टणक लागलं, की पुढच्या पाटीकडे वळते. भाजीला नको असलेलं नेमकं तेच बी औषधवाल्यांना हवं असतं. त्याचं साल आणि अंकुर काढून टाकले, की उरलेल्या पांढुरक्या भागाची पूड म्हणजे ग्वार गम, गवारीचा डिंक. चमचाभर पूड पेलाभर पाण्यात ढवळली, तरी पाणी दाट आणि बुळबुळीत होतं. आइस्क्रीममध्ये ती असते. २०१२च्या सुमारास अमेरिकेत खडक फोडून तेल-वायू काढायला तिची इतकी मागणी आली, की राजस्थान-गुजरातेत गवारीच्या बियांचे भाव आभाळाला भिडले. इथे मात्र आपल्याला तिचं पोटातलं काम बघायचं आहे.

हा डिंक म्हणजे मॅनोज नावाच्या साखरेची लांबच लांब साखळी. तिला जागोजागी गॅलॅक्टोजचे रेणू लटकलेले. ही साखळी तोडणारं विकर माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. जठरातून आणि लहान आतड्यातून ती फुगून, जेली होऊन, पण न पचता पुढे जाते. मोठ्या आतड्यात चित्र पालटतं. लहान आतड्याच्या सुरुवातीला मिलिलिटरमागे जेमतेम हजार-दहा हजार जिवाणू असतात. मोठ्या आतड्यात एका ग्रॅममागे शंभर अब्जांच्या घरात. त्यांतल्या बॅक्टेरॉइडिस ओव्हेटससारख्या जिवाणूंकडे ही साखळी कापणारी विकरं आहेत. म्हणजे औषधाभोवती या डिंकाचं जाड आवरण दाबून बसवलं, तर गोळी कुठे उघडायची हे जिवाणूंच्या भुकेवर सोपवता येतं.

शरीरात विरणारे पॉलिमर म्हटलं, की डॉक्टरांना आधी टाके आठवतात. त्यांतले बरेच लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या साखळीचे असतात आणि नुसत्या पाण्याने तुटत जातात. त्यांना जिवाणू लागत नाहीत. गवारीच्या आवरणाला जिवाणूंवाचून गत्यंतर नाही. त्यातच त्याची गंमत आहे आणि अडचणही.

हा खटाटोप कशासाठी? अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला जखमा होतात, शौचावाटे रक्त जातं, दिवसातून अनेकदा धावावं लागतं. भारतात हे रुग्ण वाढत आहेत. त्यावरचं मुख्य औषध मेसालामीन. ते अस्तराला आतून लागलं तरच उपयोग. नुसतं गिळलं, तर बहुतेक औषध लहान आतड्यातच रक्तात शोषलं जातं आणि दुखऱ्या जागी पोचतच नाही.

यावरची पहिली युक्ती नकळत सापडली. स्वीडनच्या नान्ना स्वार्त्झ यांनी सांधेदुखीसाठी सल्फासालाझिन हे औषध घडवून घेतलं आणि ते आतड्याच्या आजारालाही चालतं असं १९४०च्या दशकात दाखवलं. त्यात मेसालामीन दुसऱ्या एका रेणूला अॅझो बंधाने जोडलेलं आहे. तो बंध जिवाणू तोडतात, हे १९७२मध्ये जिवाणूमुक्त वाढवलेल्या उंदरांवर स्पष्ट झालं: त्यांच्या पोटातून औषध न तुटता बाहेर आलं. १९८६मध्ये मरे सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी तोच अॅझो बंध पॉलिमरच्या आवरणात गुंफला, आत इन्शुलिन ठेवलं आणि तोंडावाटे देऊन उंदरांची रक्तशर्करा उतरवून दाखवली. पण हे बंध तुटल्यावर उरणाऱ्या पदार्थांच्या विषारीपणाची धास्ती होती. मग संशोधक वळले पेक्टिन, स्टार्च, गवार अशा खाण्यातल्या पदार्थांकडे.

गवारीचं नाव घ्यायचं, तर विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातल्या वाय. एस. आर. कृष्णय्या यांच्या गटाचं काम सांगायलाच हवं. औषध किती वेळात सुटतं हे तपासायचं यंत्र प्रत्येक औषध कारखान्यात असतं: काचेची भांडी, प्रत्येकात साधारण ९०० मिलिलिटर द्रव, ३७ अंश तापमान, एकसारखं ढवळणं. त्या द्रवात जिवाणू नसतात, त्यामुळे गवारीची गोळी तिथे फुगून नुसती बसून राहते. कृष्णय्यांनी द्रवात उंदराच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीचा ऐवज मिसळला. त्याआधी सात दिवस उंदरांना रोज गवारीच्या डिंकाचं पाणी पाजलं होतं, म्हणजे तो डिंक पचवणाऱ्या जिवाणूंची विकरं तयार राहावीत. अशा द्रवात औषध सुटू लागलं. १९९८मध्ये याच गटाने तसल्या गोळ्यांत किंचित किरणोत्सारी टेक्नेशियम घालून त्या निरोगी माणसांना दिल्या. कॅमेऱ्यात टेक्नेशियमचा मोठा भाग मोठ्या आतड्यात सुटताना दिसला.

बडोद्याला ही विद्या परकी नाही. सयाजीरावांनी १८९०मध्ये काढलेलं कलाभवन, तिथले रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर, १९०७चं अलेम्बिक, पुढे साराभाई केमिकल्स अशी औषधांची परंपरा इथे आहे. कलाभवनाची पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा झाली. औषध नेमक्या जागी पोचवणं हा याच विद्यापीठातल्या औषधनिर्माणशास्त्र विभागाच्या संशोधनाचा जुना विषय. आवरण बनवायचं ज्ञान आपल्याकडे भरपूर आहे. ते आवरण खाणाऱ्या जिवाणूंची माहिती त्या मानाने तुटपुंजी, असं मला वाटतं.

कारण हे खाणारे माणसागणिक बदलतात. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनला चौदा पुरुषांना न पचणारा स्टार्च खायला दिला, तेव्हा बहुतेकांच्या आतड्यात तो फस्त झाला, पण दोघांच्या विष्ठेत बराचसा तसाच निघाला. त्या दोघांकडे रुमिनोकॉकस ब्रोमी या जिवाणूची वानवा होती. अशाच एकाच्या विष्ठेच्या नमुन्यात प्रयोगशाळेत हा जिवाणू घातला आणि स्टार्च आंबू लागला. म्हणजे स्टार्चच्या आवरणाची गोळी एकाला लागू पडेल, दुसऱ्याच्या पोटातून तशीच निघून जाईल. भारतातही भोपाळ आणि केरळ इथल्या निरोगी लोकांचा २०१९मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की भोपाळकडे प्रेव्होटेला या जिवाणूंचं वर्चस्व आहे, केरळात बॅक्टेरॉइडिसचा वाटा मोठा. तूर-वाल-पापडी खाणाऱ्या बडोदेकराचं पोट यांतल्या कोणासारखं, हे गृहीत न धरता तपासायला हवं. उंदराच्या ऐवजावर विसंबून चालणार नाही.

यावर तोड म्हणून दोन कुलपं लावतात. युरोपात मेसालामीनच्या १६०० मिलिग्रॅमच्या एका गोळीवर न पचणारा स्टार्च आणि आम्लता उतरल्यावर विरघळणारा पॉलिमर असं मिश्र आवरण असतं. एक कुलूप उघडलं नाही, तर दुसरं उघडतं.

रुग्णानेही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जिवाणूंवर भिस्त असलेलं औषध चालू असताना प्रतिजैविकांचा कोर्स सुरू करायची वेळ आली, तर तसं डॉक्टरांना आधी सांगावं. आणि मेसालामीनची गोळी शौचात वारंवार अख्खी दिसली, तर लाजून गप्प बसू नये. हळूहळू सुटणाऱ्या काही औषधांची नुसती रिकामी टरफलं बाहेर पडतात आणि औषध तोवर शोषलं गेलेलं असतं, त्यात काळजीचं कारण नाही. पण यातलं आपलं कुठलं, हे डॉक्टरांना गोळीचं नाव सांगून विचारावं.