शाळकरी मालिकांतील नट मध्येंच कां निघून जातात ?

अमेरिकेंतील शाळकरी मुलामुलींच्या जीवनावर रचिलेल्या दूरचित्रवाणी-मालिका आमचे कित्येक विद्यार्थी आवडीनें पाहतात. त्यांतील एखादा आवडता नट अकस्मात् दिसेनासा झाला म्हणजे ‘त्याला गर्व झाला’, ‘तो पैशासाठीं भांडला’ असा निकाल तत्काळ दिला जातो; पालकही त्यांत भर घालितात. क्वचित् तसें असेलही. परंतु बहुतेक वेळां कारण स्वभावांत नसून वयांत व करारपत्रांत असतें, असें आम्हांस वाटतें.

कॅलिफोर्नियांत १८ वर्षांखालील मुलांकडून किती तास काम घ्यावें, त्यांचा अभ्यास कसा चालावा, याविषयीं कडक कायदे आहेत. म्हणून निर्माते १६ वर्षांच्या पात्रासाठीं वयांत आलेला नट पसंत करितात. ‘बेव्हर्ली हिल्स, ९०२१०’ ही मालिका १९९० सालीं सुरू झाली, तेव्हां शाळकरी अँड्रियाचें काम करणारी गॅब्रिएल कार्टेरिस २९ वर्षांची होती! असा नट दप्तर घेऊन किती वर्षें वावरणार?

आतां करार. तो बहुधा सहा-सात वर्षांचा असतो. मालिका पुढें चालवावी कीं नाहीं, हें दर वर्षीं कंपनी ठरविते. नटास मात्र मध्यें सुटतां येत नाहीं. विशींत केलेली एक सही तारुण्याचीं ऐन वर्षें बांधून टाकते. वरील मालिकेचे कांहीं वर्षीं ३२ भाग निघाले. मग चित्रपट करावा केव्हां?

सात वर्षांची ही मर्यादाही सहज मिळालेली नाहीं. सात वर्षांपलीकडे कोणासही करारानें बांधूं नये, असा कॅलिफोर्नियाचा कायदा होता; तथापि नटानें भूमिका नाकारली कीं चित्रपट-कंपन्या त्याला बिनपगारी घरीं बसवीत व तो काळ कराराच्या शेवटीं जोडीत. ऑलिव्हिया डी हॅविलंड या नटीनें १९४३ सालीं वॉर्नर ब्रदर्सवर फिर्याद केली. खटला चालू असतां तिला कोणी काम देईना. अखेर १९४४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें ठरविलें कीं, सात वर्षें म्हणजे तारीखवार मोजलेलीं सात वर्षें.

‘द व्हॅम्पायर डायरीज’ २००९ सालीं सुरू झाली, तेव्हां नायिका नीना डोब्रेव्ह २० वर्षांची होती. एलेना आणि कॅथरिन अशा दोन भूमिका तिच्या एकटीच्या शिरावर होत्या. सहा हंगाम पुरे करून २०१५ सालीं ती निघाली, व २०१७ सालीं शेवटच्या भागापुरती परत आली. यांत कृतघ्नता कोठें आहे? (कथेंतील रक्तपिपासू पिशाचांचें वय वाढत नाहीं, नटांस ती सवलत नाहीं.)

बाहेर पडलेल्यांस यश मिळतेंच असें मात्र नाहीं. ‘९०२१०’ मधील लूक पेरी चित्रपटांसाठीं १९९५ सालीं गेला व १९९८ सालीं त्याच मालिकेंत परतला. कार्टेरिसनेंही १९९५ सालींच ती मालिका सोडली. पुढें २०१६ ते २०२१ ती सॅग-आफ्ट्रा या नटांच्या संघाची अध्यक्ष होती. वेतन, कामाचे तास व करारांतील कलमें यांविषयीं कंपन्यांशीं बोलणीं करणें, हेंच त्या संघाचें मुख्य काम आहे.