मोलकरणीचा गुन्हा, मालकाची कादंबरी

घरातली अंगठी सापडेनाशी झाली की पहिली झडती कुणाची होते? घरच्या माणसांची नाही, मोलकरणीची. ही रीत फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये १७१३ च्या कायद्याने राहत्या घरातून ४० शिलिंगांचा ऐवज चोरणाऱ्याला फाशी ठेवली होती, आणि नोकरांच्या चोऱ्या हे त्या कायद्याचे एक उघड कारण होते. त्याच इंग्लंडमधल्या मार्गारेट कॅचपोल या मोलकरणीची गोष्ट आपल्या वाचकांनी जाणून घ्यावी अशी आहे.

मार्गारेटचा जन्म १७६२ चा, सफोक परगण्यातला. लहानपणापासून लोकांच्या घरी राबणे हेच आयुष्य. १७९३ मध्ये ती इप्सविचच्या कॉबोल्ड या श्रीमंत दारूउत्पादकाकडे मुले सांभाळायला आणि स्वयंपाकाला लागली. मालकांच्या मुलांचे प्राण तिने तीनदा वाचवले असे सांगतात. तिथेच ती लिहायला-वाचायला शिकली. १७९५ मध्ये ती नोकरी सुटली. पुढे बेकारी आणि आजारपण. २३ मे १७९७ च्या रात्री तिने जुन्या मालकाचा घोडा काढला आणि सुमारे ७० मैल दौडत लंडन गाठले. तिथे ती लगेच पकडली गेली.

घोडाचोरीला तेव्हा फाशी होती. ती १८३२ मध्ये रद्द झाली. मार्गारेटलाही फाशीच सुनावली गेली, मग ती सौम्य करून सात वर्षांचे काळे पाणी. मार्च १८०० मध्ये कपडे वाळत घालायच्या दोरीने २२ फुटी भिंत चढून ती तुरुंगातून पळाली. पुन्हा अटक, पुन्हा फाशी, आणि या वेळी जन्मभराचे काळे पाणी. डिसेंबर १८०१ मध्ये ‘नाईल’ जहाजाने ती सिडनीला पोहोचली.

एक गोष्ट वकील म्हणून नोंदवतो. त्या काळी इंग्लंडमध्ये अशा गंभीर गुन्ह्यातील आरोपीच्या वकिलाला ज्युरीपुढे बचावाचे भाषण करण्याची मुभाच नव्हती. ती १८३६ मध्ये मिळाली. म्हणजे गरिबाच्या गळ्याला दोर लागणार, आणि त्याच्या बाजूने सलग चार वाक्येही कुणी बोलायची नाहीत!

१७८८ ते १८६८ या ८० वर्षांत ऑस्ट्रेलियात सुमारे १ लाख ६२ हजार कैदी पाठवले गेले. त्यांत सुमारे २५ हजार स्त्रिया होत्या. बहुसंख्य चोरीच्या गुन्ह्यातल्या, आणि त्यांत घरकाम करणाऱ्या पुष्कळ. तिथे पोहोचल्यावर त्यांना काय काम दिले? पुन्हा मोलकरणीचेच! मार्गारेटही सरकारी कोठाराच्या अधिकाऱ्याकडे स्वयंपाकीण झाली. आणि ही वसाहत उभी होती कुठे? तिथल्या मूळ आदिवासींच्या हिसकावलेल्या जमिनीवर. घोडा नेणारीला काळे पाणी. अख्खा खंड नेणाऱ्यांना सनदा आणि किताब.

मार्गारेट मात्र तिथे खचली नाही. तिने शेतीची देखरेख केली, सुईणीचे काम केले. ३१ जानेवारी १८१४ रोजी तिला माफी मिळाली. तिने लहानसे दुकान चालवले, लग्न केले नाही. १८१९ मध्ये आजाऱ्याची शुश्रूषा करताना जडलेल्या तापाने ती गेली. मागे राहिली तिची पत्रे. वाकड्यातिकड्या स्पेलिंगची, पण हॉक्सबरी नदीचा पूर, माणसे, शेती यांची डोळ्यांनी पाहिलेली हकीकत सांगणारी. कैदी स्त्रीने स्वतः लिहिलेले असे कागद फार थोडे आहेत.

आणि तिची गोष्ट जगाला सांगितली कुणी? मालकाच्याच मुलाने. १८४५ मध्ये रिचर्ड कॉबोल्ड याने तिच्यावर कादंबरी लिहिली. तीत घोडा चोरला तो प्रियकरासाठी, आणि शेवटी तिचे चांगल्या घरी लग्नही लावून दिले. बेकारी आणि आजारपण मागे पडले, प्रेमप्रकरण पुढे आले. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ का काढला, याचे उत्तर इथे मिळते. आपण बोललो नाही तर आपली कहाणी मालक लिहितो, आणि तीत त्याचा दोष कधीच नसतो.

आता आपल्याकडे या. भारतीय दंड संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती, नोकराने मालकाकडे केलेल्या चोरीला सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली; कलम ३८१ चे कलम ३०६ झाले, सात वर्षे तीच राहिली. विश्वासघात म्हणून जास्त शिक्षा, असे समर्थन केले जाते. ठीक. पण मालकाने मोलकरणीचा महिन्याचा पगार बुडवला तर तो विश्वासघात नव्हे काय? त्यासाठी असे खास कलम या संहितेत नाही.

मार्गारेट गोरी इंग्रज होती. तिच्यावर गरिबीचा शिक्का होता, जातीचा नव्हता. आपल्याकडे संशयाला आडनावही असते. एप्रिल २०२५ मध्ये तिरुवनंतपुरमला एका दलित घरकामगार स्त्रीला सोनसाखळीच्या चोरीच्या संशयावरून रात्रभर पोलीस ठाण्यात ठेवले गेले. साखळी मालकिणीच्या घरातच सापडली. मार्गारेटने घोडा खरोखर नेला होता. या बाईने तर काहीच नेले नव्हते.

महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास केंद्राला सांगितले. पण कायदा येईपर्यंत संविधान आहेच. अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेता येतो, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आपल्या वस्तीतल्या किती मायबहिणींना हे ठाऊक आहे? येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास थांबा आणि एवढे चार मुद्दे त्यांना सांगा. ठाण्यात बसवलेल्या बाईला ते त्या रात्री उपयोगी पडतील.