एका कागदावरून निकाल नको



बदलापूरच्या पुढे एका ठाकूरवाडीतील भावाला आम्ही हर्नियाच्या ऑपरेशनसाठी नेले होते. आधीच्या रक्ततपासणीत ‘एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह’ आले आणि घरच्यांनी त्याची ताटली वेगळी केली. पुढे सोनोग्राफीवर ‘नॉर्मल’ वाचून मीही “आता काही भीती नाही” असे सांगून मोकळी झाले. डॉक्टरांनी समजावले तेव्हा कळले, घरच्यांनी आणि मीही एकेका कागदावरून निकाल देऊन टाकला होता. प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते.

पहिली, अँटिबॉडी तपासणी. हिपॅटायटिस सी चा विषाणू शरीरात कधी येऊन गेला का, एवढेच ती सांगते. शंभरातील सुमारे तीस जणांच्या शरीरातून तो सहा महिन्यांत औषधाविना निघून जातो, तरी ही तपासणी पॉझिटिव्हच राहते.

दुसरी, आरएनए तपासणी, म्हणजेच व्हायरल लोड. विषाणू आज रक्तात आहे का, हे ती सांगते. आकडा लाखांत आला म्हणून लिव्हर जास्त बिघडले, असा अर्थ होत नाही.

तिसरा प्रश्न लिव्हर किती कडक झाले हा. एसजीओटी आणि प्लेटलेट यांच्या आकड्यांवरून डॉक्टर एक अंदाज काढतात. फायब्रोस्कॅन लिव्हरचा कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजतो, साधारण १२.५ च्या वर सिरोसिसची शंका घेतात. त्यासाठी किमान तीन तास उपाशी राहावे लागते. सोनोग्राफीत पोटातील पाणी किंवा गाठ दिसते, पण सुरुवातीचा कडकपणा सुटू शकतो. माझी चूक झाली ती इथेच.

औषधापूर्वी हिपॅटायटिस बी, एचआयव्ही आणि किडनीचीही तपासणी होते. हिपॅटायटिस बी असेल तर सी च्या उपचारात तो उसळू शकतो. टीबीची औषधे चालू असतील तर ते आवर्जून सांगावे, कारण रिफाम्पिसिनमुळे या गोळ्यांचा असर कमी होतो. स्त्री गरोदर असेल तर तेही सांगावे.

उपचार गोळ्यांचा, बहुधा १२ आठवड्यांचा. सिरोसिस असल्यास औषध किंवा मुदत बदलू शकते. ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. उल्हासनगर-३ च्या मध्यवर्ती रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयात आधी चौकशी करावी. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासणी होते. ती ‘नॉट डिटेक्टेड’ आली की रुग्ण बरा झाला.

आमच्या भावाच्या रक्तात विषाणू सापडला, पण सिरोसिस नव्हता. त्याच्या गोळ्या गेल्या महिन्यात संपल्या. शेवटची तपासणी बाकी आहे. एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने हा आजार पसरत नाही. तो रक्तातून, दूषित सुईतून पसरतो. हे घरच्यांना पटायला तीन भेटी लागल्या. आता ताटली पुन्हा एकत्र आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मंडळींतील ज्यांना महिन्यातून एक सकाळ देता येईल, त्यांनी रुग्णासोबत चलावे. सारे रिपोर्ट एका फाइलीत ठेवावेत आणि डॉक्टरांना विचारावे: विषाणू आज आहे का? लिव्हर कसे आहे? कोणती तपासणी राहिली? पाड्यावरचा माणूस हे विचारायला बिचकतो. सोबत कोणी असले की त्याला धीर येतो.