आभासी संगणकातील एसएसडी : दिसणे आणि असणे

कोंडाणे लेण्यांतील चैत्यगृहाचे दर्शनी तोंड पाहणाऱ्यास कमानी आणि कठडे दिसतात. रचना लाकडी इमारतीची. साहित्य मात्र कातळ. लाकडाचे रूप घेतले म्हणून दगड लाकडाप्रमाणे कुजत नाही. रूप एकाचे आणि गुण दुसऱ्याचे, हा प्रकार संगणकातही आढळतो. त्याचा परिचय येथे करून देण्याचे कारण व्यावहारिक आहे. शाळेचे प्रवेशपुस्तक, दाखले आणि ग्रंथालयाच्या नोंदी अशा व्यवस्थेवर ठेवावयाच्या असतील, तर ती समजून घेणे हे पालकांचे आणि माजी विद्यार्थ्यांचेही काम आहे, असे आम्ही मानतो.

एका सामर्थ्यवान संगणकावर अनेक आभासी संगणक चालविता येतात. मूळ यंत्र हे यजमान. त्यावरील आभासी संगणक हे पाहुणे. २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम ही सोय आली. तिच्या जोडीने क्यूईएमयू हे सॉफ्टवेअर पाहुण्यांना डिस्क, नेटवर्क कार्ड इत्यादींची नक्कल पुरविते. प्रॉक्समॉक्स ही प्रणाली या दोहोंवर उभी आहे. पाहुण्याला आपली डिस्क स्वतंत्र वाटते. प्रत्यक्षात ती यजमानाच्या साठ्यातील एखादी फाइल किंवा एखादा विभाग असते.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. विखुरलेले तुकडे शोधण्यात वेळ जातो, म्हणून ते मधूनमधून सलग लावावे लागतात. यास डीफ्रॅगमेंट करणे म्हणतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. तेथे हे काम निरर्थक असून विनाकारण लेखन वाढविते. मात्र कोणती जागा रिकामी झाली, हे तिला कळवावे लागते. या निरोपास ट्रिम किंवा डिस्कार्ड म्हणतात.

प्रॉक्समॉक्समध्ये ‘एसएसडी इम्युलेशन’ हा पर्याय निवडला, की यजमान पाहुण्याला सांगतो, तुझी डिस्क फिरत नाही. खाली साधी हार्ड डिस्क असली तरी चालते. यामुळे डिस्कचा वेग वाढत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. बदलते ते पाहुण्याचे वागणे. उदाहरणार्थ, विंडोज अशी डिस्क डीफ्रॅगमेंट न करता तिला ट्रिमचा निरोप धाडते. व्हर्टआयओ ब्लॉक या प्रकारच्या डिस्कला मात्र हा पर्याय मिळत नाही. तेथे स्कझी प्रकार निवडावा.

याचा खरा लाभ जागेच्या हिशेबात आहे. समजा, पाहुण्याला १०० जीबीची डिस्क दिली. साठा ‘थिन’ पद्धतीचा असेल, तर यजमान सुरुवातीस जवळजवळ काहीच जागा देत नाही. लेखन होईल तशी देत जातो. पाहुण्याने ५० जीबी लिहिले आणि त्यांतील ३० जीबी पुसले, तर त्याच्या लेखी २० जीबी वापरात राहतात. यजमानाच्या लेखी मात्र ५०च! पुसल्याचा निरोप त्याला पोहोचलेलाच नसतो. म्हणून एसएसडी इम्युलेशनसोबत डिस्कार्ड हा स्वतंत्र पर्यायही चालू करावा. अनेक लिनक्स प्रणालींत आठवड्यातून एकदा ट्रिम आपोआप चालते. मग ती जागा साठ्यात परत येते.

हे न केल्यास काय होते? प्रत्येक पाहुण्याकडे जागा शिल्लक दिसत असतानाच यजमानाचा साठा भरतो. मग लेखन अडते, पाहुणे थांबतात आणि नोंदींची मोडतोडही होऊ शकते. ऐन प्रवेशाच्या दिवसांत असे घडले, तर दूरच्या पाड्यावरून दाखल्यासाठी आलेल्या पालकास रिकाम्या हाताने परतावे लागेल.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ट्रिम झालेल्या जागेतून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा बहुधा उरत नाही. म्हणून हे पर्याय चालू करण्यापूर्वी नोंदींची एक प्रत निराळ्या यंत्रावर आणि एक निराळ्या इमारतीत ठेवावी. ती उघडते की नाही, हे अधूनमधून पडताळून पाहावे. आपल्या क्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीत शाळेत येऊन हे पडताळणीचे काम अंगावर घेतले, तर नव्या यंत्राच्या देणगीइतकेच त्याचे मोल राहील.