सिंकखालचा तळ फुगलाय? आधी गळती, मग फळी, मग बिल!



सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला की लोक सुताराला बोलावतात. तो नवी फळी बसवतो, पैसे घेतो आणि जातो. पण गळती तशीच राहिली तर नवी फळीही भिजणार. मग फोन येतो तो तक्रारीचा, आणि ती फेरी फुकट मारावी लागते. गळती आणि फळी ही दोन्ही कामं तुम्ही एकत्र घेतलीत, तर इथे तुमच्यासाठी जागा आहे.

१. गळती पकडा
कपाट रिकामं करून कोरडं पुसा. सिंकचं तोंड बंद करून ते भरा आणि पाणी एकदम सोडा. नुसता नळ सोडून बारीक गळती दिसत नाही. आता वेस्ट कपलिंग, बॉटल ट्रॅप, अँगल कॉक, कनेक्शन पाइप अशा प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर फिरवा. जिथे ओला झाला, तिथे चोर सापडला! वॉटर प्युरिफायरची बारीक नळीही बघा. सगळं कोरडं असेल तर सिंक आणि ओट्याच्या सांध्यावर पाणी ओता. तिथलं सिलिकॉन सुटलेलं असू शकतं.

२. काय वाचेल, काय नाही
पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. त्यावर सनमायका चिकटवून ग्राहकाला फसवू नका. प्लायवूड असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. मऊ लागलं किंवा थर सुटले असतील, तर बदला. बाजूच्या फळ्यांवर ओट्याचं वजन असेल, तर टेकू दिल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

३. आधी वाळवा, मग बसवा
गळती बंद करा, खराब तळ काढा, दारं उघडी ठेवा, पंखा लावा. दोन-तीन दिवस तरी द्या, पावसाळ्यात जास्त. ओल कोंडली तर बुरशी येणारच.

नवी फळी १८ मिमीची घ्या: आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय किंवा डब्ल्यूपीसी बोर्ड. अखंड फळी पाइपमुळे आत जात नसेल तर दोन तुकडे करा आणि जोडाखाली पट्टी द्या. प्लायच्या कापलेल्या कडा आणि पाइपची भोकं सील करायला विसरू नका, कारण पाणी तिथूनच शिरतं. शेवटी कडेने सिलिकॉन भरा आणि २४ तास पाणी लागू देऊ नका.

४. हिशेब
८ × ४ फुटांच्या शीटमधून ३० × २२ इंचाचे ६ तळ निघतात. म्हणजे शीट, वाहतूक आणि कटिंगचा खर्च भागिले ६, ही तुमची एका फळीची खरी किंमत. उरलेल्या पट्ट्या जोडाखाली वापरा.

एस्टिमेटमध्ये तीन ओळी वेगळ्या लिहा: गळती दुरुस्ती, फळीचं काम आणि दोन भेटींची मजुरी. वाळवण्यासाठी दुसऱ्यांदा जावं लागतं, तो वेळ फुकटचा नाही. गॅरंटी फक्त तुम्ही केलेल्या जोडांची द्या, तीही लेखी. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. उद्या दुसराच जोड गळला, तर वाद होणार नाही, उलट नवीन काम मिळेल.

सुरुवात घरापासून करा. आजच स्वतःच्या सिंकखाली टिश्यू पेपर फिरवून बघा!